सुंभ जळाला, पीळ तसाच: ‘हेन्री द फिफ्थ’मधले फ्रेंच सरदार

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, रात्री दिवा मालवून पडला असाल, कुठेही असा. आज मी एका नाटकातल्या अगदी छोट्या प्रवेशाबद्दल बोलणार आहे. पंचवीसेक ओळींचा प्रवेश आहे. मोठ्याने वाचला तर दीड-दोन मिनिटांत संपतो. बऱ्याच प्रयोगांत तो घाईघाईने उरकतात, कारण प्रेक्षकांना तोवर लढाई कोण जिंकणार हे कळून चुकलेलं असतं.

नाटक शेक्सपिअरचं, ‘हेन्री द फिफ्थ’. लिहिलं 1599 च्या सुमाराला. लढाई अ‍ॅजिनकोर्टची, 25 ऑक्टोबर 1415. इंग्लंडचा तरुण राजा हेन्री फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत समुद्र ओलांडून येतो, हार्फ्लर नावाचं बंदर घेतो, पण तोवर त्याचं सैन्य हगवणीने अर्धमेलं झालेलं असतं. तो कॅलेकडे, म्हणजे घराच्या वाटेकडे निघतो. आणि मध्ये फ्रेंच सैन्य आडवं येतं. ताजंतवानं, पोटभर जेवलेलं, चकचकीत चिलखतांचं. नाटकात इंग्रजांच्या छावणीतला एक जण फ्रेंचांचा आकडा साठ हजार सांगतो, दुसरा म्हणतो एकाला पाच. मग काय होतं? इंग्रज जिंकतात. फ्रेंच सरदारांचं, आपल्या भाषेत सांगायचं तर, पानिपत होतं.

ह्या नाटकाचं नाव घेतलं की सगळे हेन्रीच्या भाषणाबद्दल बोलतात. लढाईआधीचं ते भाऊबंदकीचं भाषण. म्हणजे भांडणातली भाऊबंदकी नव्हे, खरोखर भाऊ म्हणवून घेण्याचं भाषण. यूट्यूबवर त्याच्या ढिगाने क्लिपा आहेत. माझं मन मात्र ह्या वेळी दुसऱ्या बाजूला अडकलं. हरणाऱ्यांच्या बाजूला.

हरणारे कोण आहेत ते आधी बघू. आदल्या रात्रीचा प्रवेश आहे, तिसऱ्या अंकाच्या शेवटी. फ्रेंच तंबूत चारपाच बडे लोक बसलेत. झोप येत नाहीये, कधी उजाडतंय असं झालंय. एक आहे कॉन्स्टेबल. हा आपल्याकडचा हवालदार नव्हे बरं का, हा फ्रान्सचा सरसेनापती. एक ऑर्लेआंचा ड्यूक, राजाचा पुतण्या. एक राँब्यूर. आणि एक डॉफिन, म्हणजे फ्रान्सचा युवराज. ह्याच युवराजाने नाटकाच्या सुरुवातीला हेन्रीला नजराणा म्हणून टेनिसचे चेंडू पाठवलेले असतात. ‘तुला राज्य कशाला हवंय, तू जा खेळ’ असा त्याचा अर्थ.

तर हे लोक उद्याच्या लढाईची काय तयारी करतायत? कॉन्स्टेबल म्हणतो माझ्या चिलखतासारखं चिलखत जगात नाही. ऑर्लेआं म्हणतो असेलही, पण माझ्या घोड्याचंही कौतुक करा. आणि मग डॉफिन सुरू होतो. त्याचा घोडा! तो पंख असलेला घोडा आहे, तो जमिनीवर चालतच नाही, तो वारा आणि आग आहे. डॉफिनने म्हणे त्याच्यावर एक सुनीतसुद्धा लिहायला घेतलं होतं. ऑर्लेआं शांतपणे म्हणतो की अशी सुरुवात असलेलं सुनीत मी कुणाच्या तरी प्रेयसीवर ऐकलंय. डॉफिन म्हणतो मग त्याने माझी नक्कल केली, कारण माझी प्रेयसी माझा घोडाच आहे. यापुढचे विनोद इतके चावट आहेत की मी ते इथे सांगणार नाही. आई ऐकते हा पॉडकास्ट.

डॉफिन मध्यरात्रीच चिलखत चढवायला निघून जातो आणि त्याची पाठ वळताच बाकीचे त्याची टिंगल सुरू करतात. कॉन्स्टेबलच्या मते त्याचं शौर्य आजवर त्याच्या नोकराशिवाय कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे बघा, हे लोक मूर्ख नाहीत. एकमेकांना पुरेपूर ओळखून आहेत. आपला युवराज बोलघेवडा आहे हे सेनापतीला नीट माहीत आहे. तरीही उद्याची लढाई जिंकलेलीच आहे याबद्दल कुणालाच शंका नाही. राँब्यूर तर विचारतो, कोण येतंय माझ्याशी फासे खेळायला? पणाला काय, तर वीस इंग्रज कैदी. जे अजून पकडलेलेच नाहीत! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ती हीच गोष्ट. प्रवेशाच्या शेवटी ऑर्लेआं हिशोब मांडतो: आता दोन वाजलेत, दहापर्यंत आपल्यातल्या प्रत्येकाकडे शंभर शंभर इंग्रज असतील.

दोन ते दहा. आठ तास. ही वेळ लक्षात ठेवा.

सकाळ होते. चौथ्या अंकाचा दुसरा प्रवेश. आता कॉन्स्टेबल म्हणतो, अरे, आपल्या सगळ्यांच्या हातांना पुरेल एवढं कामच नाही तिथे. त्या आजारी माणसांच्या अंगात आपल्या तलवारी रंगवण्यापुरतंही रक्त नाही. आपल्या सैन्याभोवती जे फालतू नोकरचाकर आणि शेतकरी घोळका करून फिरतायत ना, तेवढेच सोडले तरी मैदान साफ होईल, आपण टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून नुसती गंमत बघू. पण ते आपल्या इभ्रतीला शोभणार नाही.

ग्राँप्रे नावाचा सरदार येऊन इंग्रजांचं वर्णन करतो. फाटके झेंडे, मान टाकलेली घोडी, त्यांच्या डोळ्यांतून गळणारी घाण, वर घिरट्या घालणारे कावळे. डॉफिन विचारतो, मग त्यांना जेवण आणि नवे कपडे पाठवू का, त्यांच्या घोड्यांना चंदी देऊ का, आणि मग लढू? आणि शेवटी कॉन्स्टेबलचा धीरच सुटतो. त्याचं निशाण अजून आलेलं नाही. तो म्हणतो राहू दे, कुठल्या तरी तुतारीला लावलेलं कापड काढून घेतो आणि तेच निशाण म्हणून वापरतो. चला, दिवस वर आला, उशीर होतोय.

इथे जरा थांबते, कारण ही तुतारीच्या कापडाची गोष्ट शेक्सपिअरने रचलेली नाही. त्याच्या हाताशी हॉलिनशेडची बखर होती (बखर हा माझा शब्द, इंग्रज त्याला क्रॉनिकल म्हणतात). त्यात हे ब्राबाँच्या ड्यूकबद्दल आहे. हा माणूस लढाईला उशिरा पोहोचला. इतक्या घाईत आला की त्याचं सामानसुमान मागेच राहिलं. मग त्याने तुतारीवरचं निशाण घेतलं, मधोमध भोक पाडलं आणि ते गळ्यात अडकवून लढाईत उडी घेतली. त्याच दिवशी तो मेला. ‘माझ्याशिवाय लढाई संपून जाईल’ ही त्याची भीती होती. शेक्सपिअरने ती घाई उचलून सेनापतीच्या अंगावर घातली. म्हणजे ज्याचं काम सगळ्यांना थांबवून रांगा लावण्याचं, तोच सगळ्यात उतावळा.

खरा सेनापती असा नव्हता. त्याचं नाव शार्ल दाल्ब्रे. त्याने आणि बूसिको नावाच्या जुन्या मुरलेल्या मार्शलने सबुरीचा सल्ला दिला होता, असं त्या काळच्या इतिवृत्तांतून दिसतं. इंग्रज उपाशी आहेत, त्यांना अजून उपाशी राहू द्या. पण ज्यांच्या नावापुढे ड्यूक लागत होतं अशा तरुण मंडळींपुढे त्यांचं फारसं चाललं नाही. प्रत्येकाला पहिल्या फळीतच उभं राहायचं होतं. मागे उभं राहणं म्हणजे कमीपणा! परिणाम काय, तर फ्रेंचांकडे धनुर्धारी होते, क्रॉसबोवाले होते, त्यांना पुढे जागाच उरली नाही. आता गंमत बघा, आदल्या रात्री फासे खेळायला बोलावणारा तो राँब्यूर होता ना, तो प्रत्यक्षात ह्याच क्रॉसबोवाल्यांचा प्रमुख होता. तोही मेला.

आणि मैदान कसलं होतं? दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये नुकतंच नांगरलेलं शेत, आणि रात्रभर पाऊस. ज्यांनी पावसाळ्यात शेतात पाय टाकलाय त्यांना सांगायला नको. त्यात अंगावर पोलादी चिलखत, समोरून बाणांचा मारा, मागून आपलेच लोक ढकलतायत. मैदान पुढे चिंचोळं होत जाणारं. माणसं इतकी दाटली की हात उचलायला जागा नव्हती. खाली पडलेला उठू शकत नव्हता, कारण त्याच्या अंगावर दुसरा पडत होता. (लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1944 च्या सिनेमात एका फ्रेंच सरदाराला कप्पी लावून घोड्यावर चढवताना दाखवलंय. ते खोटं आहे. चिलखत घालून माणूस स्वतःच घोड्यावर चढू शकायचा. चिखल मात्र खरा.)

आकड्यांबद्दलही एक सांगते. अ‍ॅन करी नावाच्या इंग्लिश इतिहासकार आहेत. त्यांनी सैन्याच्या पगाराच्या नोंदी तपासल्या आणि मांडलं की फ्रेंच साधारण 12 हजार आणि इंग्रज 9 हजारांच्या आसपास असावेत. सगळ्याच इतिहासकारांना हे पटलेलं नाही, पण नाटकातल्या साठ हजारांपासून हे किती लांब आहे बघा. शेक्सपिअर इंग्रज प्रेक्षकांसाठी लिहीत होता. त्याला फ्रेंच जितके फुगलेले तितके बरे. तेव्हा आपण जे बघतोय ते इंग्रजांनी काढलेलं फ्रेंचांचं व्यंगचित्र आहे हे विसरायचं नाही. मला कमाल वाटते ती ही, की व्यंगचित्र काढता काढता त्याच्या हातून एक अगदी खरी गोष्ट लिहिली गेली.

तर तो प्रवेश. चौथा अंक, पाचवा प्रवेश.

रंगमंचावर पाच जण धावत येतात. कॉन्स्टेबल, ऑर्लेआं, बूरबाँचा ड्यूक, डॉफिन आणि राँब्यूर. रात्रीचीच मंडळी. पहिल्यांदा तोंडातून निघतं ते फ्रेंच. एरवी हे सगळे छान इंग्लिश बोलत असतात, नाटकच इंग्लिश आहे. पण ह्या क्षणी आपसूक मायबोली बाहेर येते. सैतानाचं नाव, देवाचं नाव, सगळं गेलं, सगळं गेलं. ठेच लागल्यावर माणूस कुठल्या भाषेत ओरडतो ते शेक्सपिअरला माहीत होतं.

डॉफिन म्हणतो, आपल्या शिरपेचातल्या तुऱ्यांवर आता बदनामी बसून आपल्याला हसतेय. मग म्हणतो, चला, आपण स्वतःलाच भोसकून घेऊ. आणि मग एक प्रश्न विचारतो: ज्यांच्यावर आपण फासे खेळलो, ती हीच दरिद्री माणसं का? ऑर्लेआं पुस्ती जोडतो: ज्याच्याकडे आपण खंडणी मागायला माणूस धाडला, तो राजा हाच का?

हे ऐकून पूर्वी मला हसू यायचं. खरंच. गर्वाचं घर खाली झालं, बरं झालं, असं वाटायचं. ह्या वेळी वाचताना माझ्या लक्षात आलं की प्रवेशभर एकच शब्द परत परत येतोय. लाज. डॉफिनच्या तोंडी लाज, बूरबाँच्या तोंडी तर एका दमात तीनदा. मेलेल्यांबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. बाहेर चिखलात त्यांचे भाऊ, चुलते, पुतणे पडलेत. त्यांचे शेतकरी पडलेत. ह्यांना दिसतंय काय, तर आपले तुरे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. रात्री घोड्याकडे बघत होते, आता लाजेकडे बघतायत, पण दोन्ही वेळा बघतायत स्वतःकडेच.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी मी हा भाग केला. बूरबाँ म्हणतो, परत फिरू आणि इभ्रतीने मरू. जो माझ्यामागे येणार नाही त्याने घरी जावं, आणि... पुढे तो अशी एक घाणेरडी उपमा देतो, ज्यात त्या माणसाची मुलगी एका हलक्या नोकराच्या तावडीत आहे आणि हा टोपी हातात घेऊन दार धरून उभा आहे. बघा, इथेही त्याला जास्त झोंबतंय ते ‘हलका नोकर’. कॉन्स्टेबल म्हणतो, बेशिस्तीनेच आपला घात केला, आता तीच आपली मैत्रीण होवो, चला ढिगाने जीव देऊ.

मग ऑर्लेआं बोलतो. तोच, जो रात्री शंभर शंभर कैद्यांचा हिशोब करत होता. तो म्हणतो, अजूनही आपण मैदानात इतके जिवंत आहोत की नुसत्या गर्दीने इंग्रजांना गुदमरवून टाकू. फक्त काहीतरी शिस्त लावता आली तर.

ऐकलंत? लढाई अजून पूर्ण हरलेली नाही! निदान एकाला तरी तसं दिसतंय. माणसं आहेत. हवी आहेत फक्त पाच मिनिटं. थांबणं, मोजणं, रांग लावणं. पण थांबायचं म्हणजे काय करायचं? आपण हरतोय हे मान्य करायचं. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. रात्री कोण काय बोललं ते आठवत, त्याच माणसांसमोर उभं राहून म्हणायचं, चुकलं, आता तू डावीकडे जा, तू उजवीकडे. बूरबाँला ते जमत नाही. तो म्हणतो, खड्ड्यात गेली शिस्त, मी गर्दीत घुसतो. आयुष्य छोटं झालं तर बरं, नाहीतर लाज फार लांबेल. आणि सगळे आत जातात. प्रवेश संपला.

म्हणजे मरणाला तो भीत नाही. लाजेला भितो. आणि आपल्याकडे, म्हणजे सगळीकडेच, याला शौर्य म्हणायची पद्धत आहे.

ठीक आहे, त्याचा जीव, त्याची मर्जी, असं म्हणता आलं असतं. पण शेक्सपिअर लगेच पुढच्या प्रवेशात काय करतो ते ऐका. तिकडे हेन्रीला वाटतंय की काम झालं. त्याच्या माणसांनी शेकडो फ्रेंच कैदी केलेत. इतक्यात पुन्हा रणवाद्यांचा आवाज येतो. फ्रेंच पुन्हा जमले वाटतं! आणि हेन्री तिथल्या तिथे हुकूम सोडतो: प्रत्येक शिपायाने आपापला कैदी मारून टाकावा.

हा नवा आवाज कसला? नाटकात कुणी उलगडून सांगत नाही. पण आत्ताच, एका मिनिटापूर्वी, आपण पाच माणसांना ‘परत फिरू’ म्हणत मैदानात घुसताना पाहिलंय. मला तरी दुसरा अर्थ लागत नाही. त्यांच्या इभ्रतीच्या त्या शेवटच्या धावेमुळे मेले कोण, तर त्यांचेच लोक, शस्त्रं खाली ठेवलेले, हात वर केलेले.

हे कैदी प्रकरण नीट कळायला हवं. त्या काळात सरदार पकडला की मारत नसत. त्याची किंमत असे. घरचे खंडणी भरत, तो सुटून येई. एक प्रकारचा विमाच होता तो. साध्या शिपायाला हा विमा नव्हता, त्याला सोडवायला पैसे कोण देणार? नाटकात आदल्या रात्री विल्यम्स नावाचा साधा इंग्रज शिपाई हेच बोलून दाखवतो. वेष पालटून आलेल्या राजालाच, त्याला न ओळखता. तो म्हणतो, राजा खंडणी देऊन सुटणार नाही म्हणतो खरा, पण आमचे गळे कापले गेल्यावर तो सुटला काय न सुटला काय, आम्हाला कुठे कळणार. तर फ्रेंच सरदारांच्या त्या फुशारकीत हा विमाही होता. वाईटात वाईट काय, तर थोडे दिवस इंग्रजांचा पाहुणचार. हेन्रीच्या एका वाक्याने विमा रद्द झाला. (हेन्रीला मी मोकळं सोडत नाहीये. तो हुकूम भयंकर आहे. ऑलिव्हिएने आणि 1989 मध्ये केनेथ ब्रानानेही आपापल्या सिनेमातून तो चक्क गाळला, कारण नायकाच्या तोंडी तो शोभत नाही.)

माझी एक गोष्ट सांगू? सांगावी की नाही विचार करत होते. कॉलेजात मी एकांकिका दिग्दर्शित केली होती. आंतरकॉलेज स्पर्धा. निकालाच्या आदल्या रात्री चहाच्या टपरीवर आम्ही करंडक कुणाच्या घरी किती दिवस ठेवायचा याची वाटणी केली होती. फासेच म्हणा. निकाल लागला, आमची एकांकिका पहिल्या तिनांत नव्हती. मी म्हटलं, उठा, निघायचं, आता एक मिनिट इथे बसायचं नाही. सगळे माझ्यामागे उठले. जिन्यात असताना माइकवरून आमच्या प्रकाशयोजनेच्या मुलाचं नाव ऐकू आलं. उत्तेजनार्थ बक्षीस. पहिल्या वर्षाचा मुलगा, त्याने घरी सांगून आईला बोलावलं होतं, ती मागच्या रांगेत होती. तो माझ्याकडे बघत जिन्यात उभा राहिला. आणि मी म्हटलं, चल. तो आला माझ्याबरोबर. ह्या प्रवेशातली बूरबाँची ओळ वाचताना मला तो जिना आठवला.

असो. पुढे काय होतं बघा.

हेन्रीच्या हुकुमानंतर थोड्याच वेळात कळतं की पळणाऱ्या फ्रेंचांनी इंग्रजांच्या सामानावर राखण बसलेली पोरं मारली. फ्लुएलन हा वेल्श कप्तान चिडून बडबडतोय. आणि मग हेन्री पुन्हा रंगमंचावर येतो. 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात, इथे रंगसूचना आहे. हेन्री येतो, आणि त्याच्याबरोबर कैद्यांसह बूरबाँ.

बूरबाँ जिवंत आहे! लाज लांबण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणणारा माणूस मेलेला नाही. तो उभा आहे तिथे, पकडलेला. आणि पूर्ण प्रवेशात त्याला एकही वाक्य नाही. काही प्रयोगांत त्याला आणतच नाहीत, कारण करायला काम नाही म्हणून. मी नट असते तर हेच काम मागितलं असतं. नुसतं उभं राहायचं आणि ऐकायचं.

कारण त्याला ऐकावं काय लागतं? फ्रेंचांचा दूत मॉंटजॉय येतो. हा आधी दोनदा खंडणी मागायला आलेला, मानेला ताठा असलेला. आता तो परवानगी मागायला आलाय, की मैदानात फिरून आमचे मृतदेह वेगळे करू द्या. आमचे राजपुत्र भाडोत्री शिपायांच्या रक्तात बुडालेत, आणि आमच्या शेतकऱ्यांचे हातपाय राजपुत्रांच्या रक्तात भिजलेत. सरदार वेगळे काढायचेत, रयत वेगळी. घोडी अजून लाथा झाडतायत, मेलेल्या धन्यांना दुसऱ्यांदा मारतायत, आणि दूताला काळजी आहे ती रक्तात रक्त मिसळल्याची. वर्गवारी मेल्यावरसुद्धा सुटत नाही.

मग यादी येते. तिसऱ्या अंकात फ्रान्सच्या राजाने एका दमात सरदारांची नावं घेतलेली असतात: उठा, अमुक, तमुक, ऑर्लेआं, बूरबाँ, आलाँसाँ, ब्राबाँ, राँब्यूर, ग्राँप्रे, फ्वा, बूसिको... ऐकताना छाती फुगावी अशी नावं. चौथ्या अंकाच्या शेवटी हेन्री कागद हातात घेऊन वाचतो, आणि त्यातली कितीतरी नावं पुन्हा येतात. ह्या वेळी मेलेल्यांच्या यादीत. एकूण दहा हजार फ्रेंच मेले. त्यात निशाण बाळगणारे बडे 126. नाइट, सरदार, खानदानी मिळून 8,400. त्यातल्या 500 जणांना नाइट ही पदवी मिळून जेमतेम एक दिवस झाला होता. आणि पगारी शिपाई फक्त 1,600. हे आकडे नाटकातले, म्हणजे बखरीतले. पण प्रमाण बघा. सैन्याचा सगळा भार पुढे, सगळ्यांना पहिल्या फळीत जागा हवी, त्याचा हा हिशोब.

इंग्रजांची यादी चार नावांत संपते. बाकी, हेन्री वाचतो, नाव नसलेले पंचवीस. इथेही नाव असलेले वेगळे, नसलेले वेगळे. लढाईआधी भाऊ म्हटलं होतं ना सगळ्यांना? लढाईनंतरच्या कागदावर ते ‘बाकी’ झाले. विल्यम्सला हे ऐकून काही नवल वाटलं नसतं.

एक तपशील राहिला. डॉफिन. खरा युवराज लुई अ‍ॅजिनकोर्टला नव्हताच. नाटकातही फ्रान्सचा राजा त्याला सांगतो की तू जायचं नाहीस, तू माझ्याजवळ थांब. तरी फोलिओत तो लढाईत हजर आहे. त्याआधी 1600 साली नाटकाची एक छोटी प्रत छापली गेली, क्वार्टो म्हणतात तिला, तीत लढाईच्या प्रवेशांत डॉफिन नाही. घोड्याची बढाई तिथे बूरबाँ मारतो. मला ती मांडणी आवडते. कारण मग रात्री घोड्यावर सुनीत रचणारा आणि सकाळी शिस्तीला खड्ड्यात घालणारा माणूस एकच होतो. तुम्ही वाचाल तेव्हा दोन्ही तऱ्हेने वाचून बघा. खरा लुई त्याच वर्षी डिसेंबरात आजाराने गेला.

खरा बूरबाँ इंग्लंडला नेला गेला. त्याची सुटका झालीच नाही, 1434 मध्ये तिथेच मेला. जुना मार्शल बूसिकोही तिथेच, 1421 मध्ये.

आणि ऑर्लेआं? ‘काही शिस्त लावता आली तर’ म्हणणारा? अ‍ॅजिनकोर्टच्या दिवशी तो एकवीसचाही नव्हता. महिनाभराने होणार होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. तो राजघराण्यातला, गादीच्या जवळचा, म्हणून इंग्रजांनी खंडणी घेऊन त्याला सोडायचं नाव काढलं नाही. एका गढीतून दुसऱ्या गढीत. पाच वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं. तो 1440 साली सुटला. पंचवीस वर्षांनी. नाटकातला बूरबाँ म्हणतो तशी लाज खरंच फार लांबली.

त्या पंचवीस वर्षांत तो कविता लिहीत राहिला. फ्रेंचमध्ये तर लिहिल्याच, आणि ज्यांनी त्याला पकडलं होतं त्यांच्या भाषेतही त्याच्या नावावर कवितांचं एक हस्तलिखित आहे. आज फ्रेंच साहित्याच्या इतिहासात तो शार्ल दोर्लेआं म्हणून शिकवला जातो, कवी म्हणून. सुटून आल्यावर त्याने लग्न केलं, ब्ल्वाच्या आपल्या वाड्यात कवींना बोलावून मैफली भरवल्या. उतारवयात त्याला एक मुलगा झाला. तो पुढे फ्रान्सचा राजा झाला, बारावा लुई.

चला, थांबते. तो पाचवा प्रवेश मोठ्याने वाचून बघा, पाच जण मिळून. आणि तुमच्यापैकी कुणी बूरबाँचं ते मुकं काम केलं असेल, तर मला जरूर कळवा.